क्रोनोग्राफ आला, तिपाईचे काय?

आपल्या महाविद्यालयाच्या दहा मीटर नेमबाजी केंद्रात क्रोनोग्राफ येऊन आता दोन वर्षे होत आली. तो आला तेव्हाचा उत्साह मला चांगला आठवतो. खंडेनवमीला जिमखान्याच्या खोलीत रायफलींच्या ओळीत त्यालाही मांडले होते. त्याच्यावर हळदकुंकू पडले, झेंडूचे फूल ठेवले गेले, नारळ फुटला. ज्या स्टँडवर हे यंत्र वर्षभर उभे राहायचे होते, तो स्टँड मात्र दाराआड, केरसुणीच्या शेजारी टेकवून ठेवलेला होता. त्या दिवशी कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही नाही.

या लेखात मला त्या स्टँडविषयीच बोलायचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल हे मी जाणतो. वार्षिकांकात लोक कविता लिहितात, सहलीची वर्णने लिहितात, आणि हा गृहस्थ तीन पायांच्या एका काठीवर पाने खर्च करतो, असे कोणी म्हणाल्यास माझी हरकत नाही. पण त्या तीन पायांपायी आपल्या एका खेळाडूचे एक वर्ष गेले आहे, तेव्हा थोडा वेळ द्यावा.

प्रथम, ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी. क्रोनोग्राफ म्हणजे छऱ्याचा वेग मोजणारे साधन. एका लांबट पेटीवर दोन प्रकाशसंवेदी डोळे एकमेकांपासून एक फुटावर, म्हणजे ३०.५ सेंटिमीटरवर बसवलेले असतात. छर्रा पहिल्या डोळ्यावरून गेला की त्याची सावली पडते आणि घड्याळ सुरू होते. दुसऱ्यावरून गेला की घड्याळ थांबते. अंतर ठाऊक, वेळ ठाऊक. भागाकार यंत्र करते. आपल्या रायफलीचा छर्रा सेकंदाला साधारण १७२ मीटर वेगाने सुटतो. म्हणजे ते एक फूट अंतर तो १.७७ मिलिसेकंदांत कापतो. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

हा वेग कशासाठी मोजायचा? रायफल नेहमी थोडी हळू मारत असेल तर काही बिघडत नाही. दृष्टिसाधनाचे स्क्रू दोन खुट्या फिरवले की काम झाले. बिघडते ते प्रत्येक गोळीला वेग वेगळा पडला तर. दहा मीटर जाईपर्यंत छर्रा गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे १८ मिलिमीटर खाली येतो. वेगात सेकंदाला चार मीटरचा फरक पडला तर हा उतार जवळजवळ एक मिलिमीटरने बदलतो. एक मिलिमीटर म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि दशांश गुणपद्धतीत पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. एका मिलिमीटरला चार दशांश गेले. साठ गोळ्यांच्या फेरीत आठवा आणि नववा क्रमांक यांच्यात कित्येकदा याहून कमी अंतर असते. म्हणून क्रोनोग्राफ लागतो. सिलिंडरमधून येणाऱ्या हवेचा दाब आवरणारी यंत्रणा थकू लागली, एखादी रबरी चकती झिजली, की त्याची पहिली चाहूल लक्ष्यावर न लागता या आकड्यांत लागते.

आता झाले ते सांगतो. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर मी आमच्या गटातल्या चारही रायफलींचे वेग घेतले. तिघींचे ठीक होते. चौथीचा सरासरी वेग १६८ आला. जूनमध्ये तिचाच १७२ होता. चार मीटरची घट. मी वहीत आकडा लिहिला, खाली लाल रेघ मारली, आणि ती वही सरांपुढे ठेवली. ती रायफल ज्या मुलीच्या हाती होती ती आमच्यातली सर्वांत भरवशाची नेमबाज. विद्यापीठाच्या निवड चाचणीला तीन आठवडे उरले होते. दाबाचा दोष असेल तर वेळीच काढलेला बरा, असे ठरले आणि रायफल दुरुस्तीला पुण्याला गेली. तिने परकी रायफल घेऊन सराव केला. नेमबाजीत परकी रायफल म्हणजे परक्याची चप्पल. चालता येते, पळता येत नाही. चाचणीत ती थोडक्यात राहिली. नंतर चार दिवसांनी रायफल परत आली आणि सोबत चिठ्ठी होती: तपासली, दोष आढळला नाही, वेग १७२.

मग मी वही पुन्हा उघडली आणि तासभर बसलो. जूनमध्ये क्रोनोग्राफ नळीच्या तोंडापासून एक मीटरवर होता. पावसाळ्यानंतर तो तीन मीटरवर होता. बाकीच्या तीन रायफलींचे वेग मी आदल्या दिवशी, जुन्याच जागी घेतले होते. चौथीची पाळी आली त्या दिवशी स्टँड पुढे गेलेला होता. का गेला? फायरिंग लाइनच्या पुढच्या दोन शहाबादी फरश्या ओलीने सुटल्या आहेत. त्यांवर त्या हलक्या स्टँडचा पाय टिकेना. उभा केला की मान टाकी, सरळ केला की पाय सरके. कंटाळून आम्ही तो दोन मीटर पुढे, जिथे जमीन बरी होती तिथे नेला. वहीत अंतराचा रकानाच नव्हता.

छर्रा हलका असतो, हवा त्याला अडवते. दर मीटरला त्याचा वेग साधारण दोन मीटरने कमी होतो. दोन मीटर अंतर, चार मीटरची घट. रायफल निर्दोष होती, क्रोनोग्राफही निर्दोष होता. दोष त्या स्टँडचा होता, आणि त्याला मान देऊन जागा बदलणाऱ्या माझा. त्या मुलीने मला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. म्हणूनच हे लिहिणे भाग आहे.

यानंतर मी जरा हिशेब करून पाहिले, कारण मला वाटत होते की स्टँड तिरका राहिल्यानेही मोठी चूक होत असेल. तसे निघाले नाही. यंत्र गोळीच्या मार्गाशी पाच अंशांनी तिरके असेल तर वेग फक्त ०.४ टक्क्याने, म्हणजे आपल्या बाबतीत सेकंदाला पाऊण मीटरहूनही कमी चुकतो. दहा अंशांना दीड टक्का, म्हणजे अडीच मीटर. पण दहा अंश तिरके यंत्र आंधळ्यालाही दिसेल. ज्या यंत्रांची पेटी बिजागरीवर मिटते, त्यांत पेटी पुरती न उघडल्यास दोन डोळ्यांच्या दृष्टी समांतर राहत नाहीत. मग छर्रा वरून गेला तर एक वेग, खालून गेला तर दुसरा. एका फुटात एक मिलिमीटरचा फरक म्हणजे ०.३३ टक्का. तेव्हा उंची रोज तीच असणे हेही महत्त्वाचे. परंतु सर्वांत मोठी चूक अंतराची. म्हणजे तिपाई निवडताना पहिला प्रश्न, ती यंत्र किती सरळ धरते हा नसून, ती आज जिथे उभी आहे तिथेच उद्या, परवा आणि पुढच्या जूनमध्ये उभी करता येईल का, हा आहे.

आमचा सध्याचा स्टँड फोटोग्राफरच्या दुकानातला आहे. लग्नसमारंभात मोबाइल लावून ठेवण्याच्या उपयोगाचा. त्या कामाला तो उत्तम असेल. त्याचे पाय चार-चार नळ्यांचे, शेवटची नळी पेन्सिलीएवढी. उंची मिळावी म्हणून मधला दांडा वर काढावा लागतो, आणि मधला दांडा वर काढला की तीन पायांची तिपाई एका पायाची होते. त्याच्या डोक्याला एकच गोळा आणि एकच स्क्रू आहे; उंची किंचित सुधारायला स्क्रू सैल केला की यंत्र पुढे, मागे, बाजूला असे तिन्ही दिशांना एकदम लोळते. ज्याला डोके तीन दिशांना वेगवेगळे फिरवता आणि आवळता येते, असे जुन्या पद्धतीचे डोके या कामाला शंभर पटींनी बरे. वरून पंखा चालू असला की क्रोनोग्राफच्या पांढऱ्या छत्र्या शिडासारख्या वारा धरतात. आमच्याकडे काम करणारे मामा मूळचे बैलहोंगल भागातले. एके दिवशी हा तमाशा पाहून ते म्हणाले, “ह्याला काय मुक्काली म्हणायची? मुक्काली कधी हलत न्हाई की!” मुक्काली हा कन्नड शब्द; तीन पायांची. आपल्या मराठीत तिपाई, तिवई, तिकाटणे. खडबडीत जमिनीवर चौरंगाचा एक पाय नेहमी अधांतरी राहतो. तीन पायांचे तसे होत नाही, कारण कोणतेही तीन बिंदू एका पातळीत येतातच. चुलीला तीनच धोंडे का मांडतात, हे भूमिती न शिकलेल्या आजीलाही ठाऊक होते. पण तीन पाय असणे पुरेसे नाही, ते पायांसारखे असायला हवेत, एवढेच मामांचे म्हणणे.

आणि हा विचार नवा नाही. छऱ्यांचा आणि गोळ्यांचा वेग शास्त्रशुद्ध रीतीने मोजणारा पहिला माणूस बेंजामिन रॉबिन्स. १७४२ साली या इंग्रज गणितज्ञाने तोफशास्त्रावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात आपल्या लंबकाचे वर्णन केले: टांगलेल्या जड फळीत गोळी मारायची, फळी किती मागे झुलली ते मोजायचे, आणि संवेगाच्या नियमाने गोळीचा वेग काढायचा. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षी आपण ज्याची गणिते करतो तोच हा लंबक. पुस्तकातली आकृती पाहिली की प्रथम काय डोळ्यांत भरते? वर एकत्र बांधलेले आणि खाली फाकलेले तीन भक्कम खांब. जड ओझी उचलायला कामगार जे तिकाटणे वापरीत तेच त्याने घेतले. म्हणजे गोळीचा वेग मोजण्याच्या इतिहासातले पहिले उपकरण मुळात तिपाईवरच टांगलेले होते, आणि ती तिपाई ओझी उचलणाऱ्यांची होती, शोभेची नव्हती. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रमुख अभियंता म्हणून किल्ल्यांच्या डागडुजीसाठी १७५० मध्ये हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने वारला. असो; हे थोडे विषयांतर झाले.

तर मग कोणती तिपाई घ्यावी? जिमखाना समितीपुढे तीन कोटेशने आली आहेत असे ऐकतो, आणि तिन्ही कॅमेऱ्याच्या स्टँडची आहेत. माझ्या मते एकही घेऊ नये. भूगोल विभागात, नकाशांच्या कपाटामागे, प्लेन टेबलच्या प्रात्यक्षिकाच्या लाकडी तिपाया उभ्या आहेत. मी मोजल्या, पाच आहेत, आणि प्रात्यक्षिकाला एका वेळी तीनहून जास्त निघत नाहीत. सागवानी पाय, पितळी सांधे, खाली लोखंडी टोके. त्यांतली एक मागावी. सर्वेक्षणाची तिपाई मुळात याच कामासाठी घडवलेली असते: जमिनीवरच्या एका ठरलेल्या खुणेवर उपकरण नेमके उभे करायचे, उद्या पुन्हा तिथेच उभे करायचे. तिच्या मध्यातून ओळंबा सोडता येतो. नळीच्या तोंडापासून बरोबर एक मीटरवर फरशीत एक फुली कोरून ठेवली आणि ओळंब्याचे टोक त्या फुलीवर आणले, की अंतराचा प्रश्न कायमचा मिटला. वर गवंड्याची पाणसळ ठेवली की तिरकेपणाचाही. अंतर मीटरभराहून कमी मात्र करू नये. छऱ्यामागोमाग नळीतून हवेचा झोत येतो आणि डोळ्यांना फसवतो.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. क्रोनोग्राफच्या बुडाला कॅमेऱ्याचे पाव इंची आटे असतात. सर्व्हेच्या तिपाईंचे स्क्रू त्याहून जाड. हल्ली बाजारात मिळणाऱ्या बहुतेकांचे ५/८ इंच, आणि आपल्या जुन्या तिपायांचे आणखी निराळे. त्यासाठी मध्ये एक जोड करून घ्यावा लागेल. उद्यमबागेतल्या कोणत्याही लेथवर तो अर्ध्या तासात होईल. बेळगावात राहून लेथच्या कामाची अडचण सांगणे म्हणजे गोकाकात राहून धबधबा पाहिला नाही म्हणण्यासारखे आहे. दुसरे, लोखंडी टोके फरशीवर सरकतात. तीन पायांना खाली दोरीचा त्रिकोण बांधला की ती फाकत नाहीत. तिसरी अडचण उंचीची. ही तिपाई मीटरभराच्या खाली नीट बसत नाही, आणि आपण वेग घेताना रायफल साध्या टेबलावर, वाळूच्या पिशवीवर टेकवतो; ते कमी पडते. भूगोलाच्या मॅडमनी तर मला आधीच बजावले आहे, “पाय कापायचे असतील तर दारात येऊ नकोस.” पाय कापायला नकोत. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले जुने उंच टेबल गॅलरीत पडून आहे, त्यावर पिशवी ठेवली की नळी पुरेशी वर येते. तिपाई खाली आणण्यापेक्षा रायफल वर नेणे स्वस्त.

उंचीबाबत आणखी एक गोष्ट नव्या मुलांनी लक्षात ठेवावी. आपण पाहतो ती रेषा नळीच्या तीन-चार सेंटिमीटर वरून जाते. भोकातून पाहिले की यंत्राच्या वर मोकळी जागा दिसते, आणि छर्रा जातो खालून. आपल्या क्रोनोग्राफच्या कपाळावर जो खळगा आहे तो असाच पडलेला आहे. कोणी पाडला हे सर्वांना माहीत आहे, नाव लिहीत नाही. म्हणून तिपाई लावताना रायफलीच्या दृष्टिसाधनावर विश्वास ठेवू नये. नळीच्या तोंडापासून लक्ष्यापर्यंत दोरी ताणावी आणि दोरी डोळ्यांच्या दहा-बारा सेंटिमीटर वरून जाईल असे यंत्र बसवावे. लोखंडावरून शिशाचा छर्रा उलटतो, सागवानावरूनही उलटतो. चष्मा दोन्ही वेळा हवाच.

माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर मुद्दा याहून निराळा आहे. वाईट स्टँड असला की तो वारंवार सरळ करावा लागतो, आणि तो उभा असतो फायरिंग लाइनच्या पुढे. गेल्या वर्षी एका दुपारी मी वहीत खुणा केल्या: वीस गोळ्यांचे वेग घेताना आम्ही सात वेळा पुढे गेलो. प्रत्येक वेळी गोळीबार थांबवायचा, रायफली रिकाम्या करायच्या, नळीत खूण घालायची, सर्वांनी हात वर करून होकार द्यायचा, मगच पाऊल टाकायचे, असा नियम आहे. पहिल्या वेळी तो पुरता पाळला गेला. सातव्या वेळी कोणी तरी नुसते “थांबा रे” म्हणाले आणि मी निघालो. काही झाले नाही. परंतु जे साधन माणसाला सात वेळा रायफलीसमोर नेते ते स्वस्त आहे असे मी कसे म्हणू?

समितीतल्या एका सभासदांचे म्हणणे असे की आता या सगळ्याची गरजच उरलेली नाही. रायफलीच्या शेजारी ठेवायचे छोटे रडार मिळते, ते छऱ्याच्या मागून त्याचा वेग वाचते, पुढे काही ठेवावे लागत नाही. हे खरे आहे. डॉप्लर तत्त्वावर चालणारी अशी यंत्रे आली आहेत आणि ती चांगली आहेत. पण त्यांची किंमत आपल्या जिमखान्याच्या वार्षिक खर्चाकडे पाहता बोलण्यासारखी नाही, आणि कपाटामागची तिपाई फुकट आहे. शिवाय नवे यंत्र आले म्हणून नोंदवहीत अंतराचा रकाना आपोआप येणार नाही.

दुसरे एक जण म्हणाले, आकड्यांनी कोणी नेमबाज होत नाही. तेही खरेच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक घेतले. ती पदके श्वासाची, संयमाची आणि हजारो तासांची आहेत. त्यांच्या गावापासून आपले गाव चार तासांच्या आत आहे, हा विचार आमच्या गटातल्या प्रत्येकाच्या मनात असतो. पण ज्या मुलीने ते तास घातले होते तिची रायफल एका चुकीच्या आकड्याने काढून घेतली गेली. आकडा नेमबाज घडवत नसेल, वाट अडवू नक्की शकतो. आकडा नसता तर ती आपल्याच रायफलीने चाचणीला उभी राहिली असती. तेव्हा मोजायचे असेल तर नीट मोजावे, नाही तर क्रोनोग्राफ पेटीत बंद करून ठेवावा. अर्धवट मोजण्याच्या मी विरुद्ध आहे.

ट्यूबलाइटचा प्रश्नही आहे, पण तो थोडक्यात. आपल्या विजेवर जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, यंत्राचे डोळे त्याला फसतात आणि मधूनच सेकंदाला नऊशे मीटर असा वेग दाखवतात. छत्र्यांवर दोन साधे पिवळे दिवे सोडले की भागते.

मी जिमखाना समितीला लेखी अर्ज दिला आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत: भूगोल विभागाकडून एक तिपाई कायमची, लेथवरच्या जोडाचा खर्च, आणि फायरिंग लाइनपुढच्या त्या दोन फरश्या पुन्हा बसवून द्याव्यात. नोंदवहीत अंतर, उंची आणि तारीख यांचे रकाने मी स्वतःच आखले आहेत. माझे हे शेवटचे वर्ष आहे. त्या मुलीला मात्र आणखी एक वर्ष आहे आणि पुढची निवड चाचणी पावसाळ्यानंतरच येईल. तेव्हा फरश्या पावसाच्या आधी बसल्या तर बरे. कपाटामागची किल्ली मॅडमकडे आहे आणि ओळंबा मी घरून आणून मामांकडे दिला आहे.